चौकटीत आलेले पाय

लांडग्याला टोपी घातलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती माझ्या नातीच्या टॅबवर. लाल टोपी, तिच्यात खोवलेलं पीस, आणि लांडगा दात काढून हसतोय. मी मेथी निवडत होते. जुडी हातातच राहिली.

"सोनाली, हे काय गं?"

"लांडगा."

"हे? हे तर लग्नात बँड वाजवायला आल्यालं दिसतंय."

"अगं आजी, तयार लांडगा एवढाच आहे त्यात. टोपी काढता येते, थांब." तिनं बोटानं टोपी धरली आणि उचलून बाजूला टाकली. लांडगा बोडका झाला, पण हसायचा थांबला नाही.

सोनाली आठवीत आहे. त्यांना मराठी शिकवायला अरिबा मॅडम आहेत. त्या धडा नुसता वाचून घेत नाहीत. इंटरनेटवर अशी एक जागा आहे म्हणे, तिथं तयार माणसं, झाडं, घरं, जनावरं मिळतात. ती बोटानं ओढून चौकटीत बसवायची, तोंडाजवळ फुगा काढायचा आणि फुग्यात त्याचं बोलणं लिहायचं. अख्खा धडा असा सहा-आठ चौकटींत मांडला की त्याचं कॉमिक होतं. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. आमच्या मास्तरांना एकच चित्र काढता यायचं, छडीनं, आमच्या तळहातावर.

या खेपेला मॅडमनी धडा दिलाच नव्हता. 'तुमच्या घरात सांगतात ती एक गोष्ट घ्या' म्हणाल्या होत्या. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पालकांना मोठ्या पडद्यावर दाखवणार होत्या. सोनालीनं माझी गोष्ट घेतली. घेणारच. ती ठाऊक नाही असं आमच्या भावकीत माणूस नाही.

तर गोष्ट अशी. शहाजी, म्हणजे सोनालीचा बाप, तेव्हा चार महिन्यांचा. आम्ही मेंढरंवाले. आमचा तळ त्या वर्षी करकंबच्या शिवारात, ज्वारी निघालेल्या रानात पडला होता. गडी माणसं सकाळीच मेंढरं घेऊन चरायला जायची. तळावर राहायच्या बाया, तान्ही पोरं आणि कोकरं. कोवळी कोकरं आईमागं रानोमाळ फिरवत नाहीत, जाळीच्या कुंपणात ठेवतात. हे लांडग्यालाही ठाऊक असतं. तो रात्रीची वाट बघत बसत नाही, भर दुपारी येतो. तळावर बायाच आहेत हे त्याला कळतं.

त्या दुपारी बाकीच्या पाण्याला गेलेल्या. तळावर मी आणि माझी थोरली जाऊ मायाक्का, दोघीच. जाळीशेजारी झोळीत शहाजी निजलेला. लांडगा जाळी फाडून आत शिरला, एक कोकरू पाडलं आणि झोळीकडं वळला. मी काठवट उचलली, पीठ मळायची लाकडी परात, आणि धावत जाऊन झोळीवर पालथी पडले. त्यानं मागून डाव्या खांद्याला धरलं, चोळी फाडली. मी वळले आणि काठवट त्याच्या नाकाडावर हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काठवट फुटली. तो कोकरू तोंडात धरून जाळीच्या पार पलीकडं गेला, थांबला, आणि मान वर करून त्यानं माझ्याकडं असं बघितलं की अजून अंगावर शहारा येतो.

पंचेचाळीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आले. बारशात सांगितली, लग्नात सांगितली, शहाजीच्या सोयरिकीत व्याह्यांना सांगितली. सात रस्त्याजवळ शहाजीचं पशुखाद्याचं दुकान आहे. तिथं पेंडीचं पोतं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो सांगतो, "माझ्या आईनं मला लांडग्याच्या तोंडातनं काढलाय." त्या गोष्टीवर सासूनं थोरलीला सोडून धाकटीला, म्हणजे मला, ट्रंकेची किल्ली दिली. घरात काय शिजायचं, कोण कुठं निजायचं, सोयरिक कुठं करायची, तेव्हापासून माझ्या शब्दावर चालतं. मी म्हटलेलं या घरात कुणी मोडत नाही.

मायाक्काही मोडत नाही. तिला मूल नाही. दीर वारले, तेव्हापासून ती आमच्या मागच्या खोलीत राहते. येत्या रविवारी तिचा भाचा गुंडा येऊन तिला सांगोल्याकडं गावी घेऊन जाणार होता, कायमचा. ते मीच ठरवलं. सोनालीला अभ्यासाला खोली पाहिजे, घर तीन खोल्यांचं. शहाजी जरा घुटमळला होता. "आई, थोरल्या आईला या वयात कुटं धाडायचं?" मी म्हटलं, "तिचं रक्ताचं मानूस हाय तितं. हितं काय हाय?" विषय संपला.

सोनाली चित्र जुळवत होती आणि मला राहवेना.

"मेंढरं पांढरी?"

"तयार तशीच येतात."

"धोब्याकडं टाकली हुतीस व्हय? आपली मेंढरं काळी असत्यात. काळी कर."

तिनं काळी केली. मागं हिरवे डोंगर होते, लाल कौलाचं घर होतं, पाण्याचा ओढा होता.

"हे कुटलं रान? हितं लांडगा कशाला यील? हितं मीच ऱ्हायला जाईन."

तिनं डोंगर काढले, पिवळं रान टाकलं, एक बाभळ शोधून आणली. मग बाई आणली. नेसूला सहावारी, खांद्याला पर्स.

"ही बँकेत निगालीया. आमचं नऊवारी असतंय, काष्ट्याचं."

सोनालीनं पर्स काढली. बाईला पाठमोरी केली. आणि मी सांगत गेले. खरं सांगायचं तर मला चुकीचं काही बघवत नाही. लोकांच्या भाकरीच्या कडाही मी मनातल्या मनात सारख्या करते. काष्टा मागून असा वर खोचलेला पाहिजे. अंबाडा सुटून डावीकडं लोंबत होता, तो तसा दाखव. चोळीची पाठ इथून इथपर्यंत फाटलेली. रक्त एका धारेनं न येता दोन धारांनी आलं, एक पाठीच्या कण्यावरनं आणि एक काखेकडनं, आणि कमरेपाशी दोन्ही एक झाल्या. सोनाली तसतसं करत होती. पोरगी हुशार आहे, हात चालतो. मग तिचं बोट थांबलं.

"आजी."

"काय?"

"हे सगळं मागनं आहे."

"मग?"

"मग तुझी पाठ तुला कशी दिसली?"

माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. गल्लीत भांडण झालं तर समोरची बाई आधी मी घरात आहे का बघते. पण त्या पोरीनं बोट नेमकं पाठीवर ठेवलं होतं. पंचेचाळीस वर्षांत शंभर माणसांनी ही गोष्ट ऐकली, पोलीस पाटलांनी ऐकली, व्याह्यांनी ऐकली. हे कुणी विचारलं नव्हतं.

"लुगडं धुताना बगितलं," मी म्हटलं.

"आणि अंबाडा?"

"केस माझं हायत. मला कळनार न्हाय व्हय?"

"बरं." तिनं लांडगा उचलून जाळीच्या पलीकडं ठेवला. "आता तो इतका लांब गेलाय. आणि तू दाखवतेस तशी मान पार मागं टाकून वर बघतोय. माणूस समोर उभा असला तर एवढी मान कशाला लागेल? तो कशाकडं बघत होता?"

"लांडग्याला जाऊन इचार की," मी म्हटलं आणि मेथी घेऊन आत गेले. आत गेल्यावर बघितलं तर पानं टाकली होती आणि देठं पातेल्यात धुवायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. शहाजीला सांगितलं नाही. रिक्षा केली. ही गोष्ट पडद्यावर येता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

अरिबा मॅडम म्हणजे डोक्याला ओढणी बांधलेली, चष्म्याची, लहान चणीची पोरगी. मला वाटलं होतं मराठी अडखळत बोलेल. पण बोलायला लागली आणि मला माझंच तोंड सांभाळून उघडावं लागलं, इतकी तिची भाषा चोख.

"आजी, बसा. सोनालीची आजी म्हणजे तुम्हीच ना, लांडगा मारणाऱ्या?"

"मारला न्हाय. पळवला," मी म्हटलं. "मॅडम, एक इचारते. चित्रं जोडून भाषा येती व्हय? पोरांनी लिहायचं, वाचायचं, की लांडग्याच्या टोप्या काढायच्या?"

ती हसली. "तुम्ही गोष्ट सांगताना हात हलवता?"

"हलत्यात."

"डोळे मोठे करता? आवाज खाली आणता?"

"त्याबिगर गोष्ट हुती काय?"

"मग तुम्हीही चित्रंच काढता की, हवेत. मुलांना मी तेच टॅबवर काढायला लावते. पुस्तकातली गोष्ट वाचून मुलं 'छान आहे' म्हणतात आणि पान उलटतात. चौकट करायला बसवलं की अडतात. कारण चौकटीत ठरवावं लागतं, कोण कुठं उभं होतं. मी एकच नियम देते. आधी गोष्ट सांगणाऱ्याला जागेवर उभं करा. त्याला तिथून जे दिसेल तेवढंच चौकटीत घ्या, जास्त काही नाही."

एवढ्या लहान बाईनं एवढी मोठी गोष्ट एवढ्या सहज बोलावी याचा मला धक्काच बसला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती आपली शिकवत होती.

"आमची गोष्ट काढून टाका," मी म्हटलं. "घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

"आजी, ती मन लावून राबतेय. आणि गोष्ट शौर्याची आहे, लपवायची कशाला?" मग थोडं थांबून म्हणाली, "सोनाली नको म्हणाली तर मी लगेच काढीन. तुम्ही तिला सांगून बघा."

सोनालीला काय सांगायचं होतं? काढ म्हटलं तर ती 'का' म्हणणार, आणि त्या 'का'ला मी घाबरले होते. मी, जिच्या गोष्टीतल्या लांडग्याला सगळे घाबरतात.

घरी आले तर मायाक्का मागच्या खोलीत तिची ट्रंक आवरत होती. दोन लुगडी, एक शाल, दिरांचा फोटो. ट्रंक अर्धीही भरली नव्हती. मी दार लोटलं.

"आक्का, पोरीला काय सांगितलंस?"

"कुनाला?"

"सोनालीला. खांद्याचं."

तिनं फोटो शालीत गुंडाळला. "मी कशाला सांगू? परवा खांदा दुकत हुता, तिनं तेल लावलं. म्हनाली, मायाक्का आजी, हे काय झालंय? मी म्हनलं, जुनं हाय. तिनं बोटं लावून बगितली. चार हितं, दोन तितं. मग काय बोलली न्हाय."

आता सांगते. आतापर्यंत सांगितलं ते सगळं खरं आहे, फक्त त्यात माणूस दुसरं आहे.

मी त्या दुपारी बाभळीवर होते. कोकरांना शेंगा पाडायला चढले होते. मायाक्काला कावळा शिवलेला होता, म्हणून ती तळापासून वीस पावलं लांब झुडपाखाली बसलेली. त्या चार दिवसांत बाईनं कोकरांच्या जाळीत पाऊल टाकायचं नाही, तान्ह्याला शिवायचं नाही, हा आमच्यात कडक नेम. लांडगा आत शिरला तो मला वरून स्वच्छ दिसला. झोळीकडं वळला तोही दिसला. माझं चार महिन्यांचं पोर होतं झोळीत. आणि माझे पाय फांदीला चिकटले. उतरले नाही. ओरडलेसुद्धा नाही. तोंड उघडं होतं, आवाज आला नाही. मायाक्का झुडपाखालून उठली, काठवट उचलली, नेम मोडून जाळीत शिरली आणि माझ्या पोरावर पालथी पडली. तिची पाठ, तिचा अंबाडा, तिचं रक्त, सगळं मी वरून बघितलं. लांडगा गेला तेव्हा त्यानं मान मागं टाकून बघितलं ते बाभळीकडं. माझ्याकडंच, तेवढं खरं.

मी खाली आले तेव्हा शहाजी रडत होता आणि मायाक्का पार लांब जाऊन उभी होती. मला म्हणाली, "इजे, तूच मारलंस म्हन. मी जाळीत गेले कळलं तर एका कोकरामागं आनि धा माज्या नावावर लावत्याल." खरंच लावली असती. त्या वर्षी नंतर रोगानं बरीच मेंढरं मेली, ती सगळी तिच्या पदरात घातली असती आणि तिला माहेरी हाकलली असती. म्हणून मी हो म्हटलं. बाभळीवरून उतरताना माझी चोळी काट्यानं फाटली होती, तेवढा पुरावा पुरला. मायाक्का तर बाजूलाच बसलेली. त्या चार दिवसांत बाईच्या लुगड्यावरच्या रक्ताला कोण विचारतं? पुढं दिरांना तिनं सांगितलं, ओढ्यात दगडावर पडले. आमचे मालकही आता नाहीत; त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, खांद्याला वण कसा नाही. मी म्हटलं, हळद चांगली होती.

ती गोष्ट चार दिवसांपुरती होती. पण लोकांनी माझी ओटी भरली, सासूनं किल्ली दिली, आणि मला ती गोड लागली. पुढं पुढं तर मलाच खांद्यात कळ यायची. मायाक्का समोर बसून ऐकायची आणि भाकरी थापायची. तिनं एकदाही वर मान केली नाही. तिला गावी धाडायचं मी ठरवलं ते काही खोलीसाठी नाही. तिच्यासमोर गोष्ट सांगायचा मला कंटाळा आला होता.

"शनवारी दाकवनार हायत," मी म्हटलं.

"मला सोनालीनं बोलावलंय," मायाक्का म्हणाली. "ऐतवारी जायाचंच हाय. शाळा बगून जाते."

"तू बोलनार हायस का?"

तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. "इजे, पंचेचाळीस वर्सांत बोलले का?" आणि मग जे म्हणाली ते मी कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. "तू वरनं वरडली असतीस तर लांडगा बिथरला असता. झालं ते बरं झालं. पोरगं वाचलं की."

मला वाटलं होतं तिच्या पोटात इतकी वर्षं राग असेल. राग असता तर मी झेलला असता, मला भांडता येतं. पण तिनं मला कधीचंच सोडून दिलेलं होतं. मी बाहेर आले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

शनिवारी हॉल भरला होता. शहाजीनं दुकान बंद ठेवलं, धुतलेला शर्ट घातला. मी पहिल्या रांगेत, तो माझ्या शेजारी. मायाक्का मागं कुठं तरी बसली. एका पोरानं त्याच्या आजोबांच्या एसटीतल्या नोकरीची गोष्ट केली होती, त्यात एसटीला विमानाची खिडकी लागली होती, लोक हसले. कमरुन्निसा नावाच्या मुलीनं नानीच्या हातमागाची केली होती. मग सोनाली.

पहिली चौकट आली आणि मी खुर्चीचा दांडा धरला.

सगळं वरून दिसत होतं. जाळीचं कुंपण वरून गोल दिसतं तसं गोल. आत काळी कोकरं, वरून नुसत्या पाठी. झोळी. वरच्या कडेला बाभळीचे काटे आणि शेंगा. आणि खालच्या कडेला, चौकटीत जेमतेम आलेले, दोन पाय. बाईचे. बोटांत जोडवी. फांदीवरून खाली सोडलेले.

बस्स. चेहरा कुणाचाच नाही. दुसऱ्या चौकटीत लांडगा, त्याही चौकटीत पाय. तिसरीत पाठमोरी बाई झोळीवर पालथी, चौथीत रक्ताच्या दोन धारा, कमरेपाशी एक झालेल्या. पाचवीत काठवट उगारलेली. सहावीत लांडगा लांब जाऊन मान वर करून बघतोय, थेट बघणाऱ्याकडं, सगळ्या हॉलकडं. आणि प्रत्येक चौकटीत ते दोन पाय, हललेसुद्धा नाहीत. साऱ्या कॉमिकमध्ये फुगा एकच होता. पायांच्या बाजूनं आलेला. त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मी वर बसून जे बघितलं होतं ते जसंच्या तसं समोर होतं. माझ्या पोटात इतकी वर्षं जे गाठोडं बांधून ठेवलं होतं ते तेरा वर्षांच्या पोरीनं बोटानं ओढून भिंतीवर लावलं होतं.

"सोनाली, हा फुगा रिकामा का गं?" अरिबा मॅडमनी विचारलं.

"आजीच्या गोष्टीत कुणीच ओरडत नाही," सोनाली म्हणाली. "मी लिहून बघितलं. बसत नव्हतं."

"आणि हे पाय?"

"गोष्ट सांगणारीचे. तुम्हीच म्हणालात, आधी तिला उभं करा. तिला ज्या जागेवरून हे सगळं दिसेल अशी एकच जागा सापडली मला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरीनं काहीतरी नवीन केलं. शहाजी टाळ्या वाजवत होता, डोळ्यांत पाणी, आणि टाळ्या वाजवता वाजवता त्याचे हात मंद झाले.

"आई," तो हळू म्हणाला, "हे पाय कुनाचं?"

तेवढ्यात मॅडमनी माइक माझ्या हातात आणून दिला. "आजी, दोन शब्द."

मला सोपं होतं. 'पोरीची कल्पना आहे, लहान आहे' म्हणून हसले असते की सगळे हसले असते. रविवारी गुंडा येऊन मायाक्काला घेऊन गेला असता. मी पडद्याकडं बघितलं. सहावी चौकट तशीच होती. आणि मला ती फांदी दिसली. बोटाएवढी बारीक. माझ्यानं ते बघवेना.

"फांदी चुकलीया," मी माइकमध्ये म्हटलं.

मॅडमनी वळून पडद्याकडं बघितलं.

"एवड्या फांदीवर बाई बसली तर मोडंल. फांदी मांडीएवडी हुती. वर एक बेचकं हुतं, मी त्यात पाठ टेकून बसले हुते. आनि पाचव्या चित्रात काठवट डाव्या हातात दावलीया. मायाक्का उजवी हाय. तिनं उजव्या हातानं मारली. तेवडं दुरुस्त कर सोनाली. बाकी बराबर हाय."

आणि माइक मॅडमच्या हातात दिला. पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी माइक घेतला पण तोंडाशी नेला नाही, माझ्याकडं बघतच राहिल्या. शहाजी खुर्चीत मागं वळला होता आणि मागच्या रांगेत मायाक्काला शोधत होता. ती पदर तोंडाला लावून खाली बघत होती, भाकरी थापताना बघायची तशी.

आम्ही बाहेर टेम्पोपाशी आलो. शहाजीच्या टेम्पोत पुढची सीट माझी, हे त्यानं टेम्पो घेतल्यापासून ठरलेलं. मी दाराशी गेले. त्यानं दार उघडलं, धरलं, आणि माझ्या डोक्यावरून मागं बघत म्हणाला, "थोरल्या आई, फुडं बसा."

पंचेचाळीस वर्षांत पोरानं मला असं ओलांडून कुणाला हाक मारली नव्हती. मी मागं गेले. हौद्यात सोनालीनं मला हात देऊन वर घेतलं. पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर आम्ही दोघी बसलो. सात रस्त्याच्या सिग्नलला टेम्पो थांबला तेव्हा ती म्हणाली, "आजी, रागावलीस?"

"फांदी बारीक काढलीस म्हनून रागावले," मी म्हटलं. तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.

रविवारी सकाळी गुंडा आला, मोटारसायकलवर, ट्रंक बांधायला दोरी घेऊन. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "जेवून जा. एकटाच जा."

"असं कसं? शहाजीदादा तर—"

"शहाजीला मी सांगितलं हुतं. आता तुला सांगते. आक्का कुटं जानार न्हाय."

मला वाटलं, झालं. माझ्या शब्दावर घर चालतं. मागच्या खोलीच्या दारात मायाक्का येऊन उभी राहिली, ट्रंक हातात, शाल अंगावर.

"मी जानार हाय," ती म्हणाली.

मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"जा म्हनलीस, मी ट्रंक भरली. आता ऱ्हा म्हनतीस. मला कुनी इचारलं व्हय? तवाबी न्हाय, आत्ताबी न्हाय."

गुंडा चहाच्या कपात बघत बसला. शहाजी दाराला टेकून उभा होता. तो माझ्या बाजूनं बोलेल असं मला अजून वाटत होतं. बोलला नाही. माझ्या कमरेला किल्ली होती. ती काढून तिच्यापुढं टाकावी असं मनात आलं, पण तेही सोंगच झालं असतं. लोकांसमोरची सोंगं मी पुष्कळ केली.

विचारणं मला येत नाही. सुनेला, मालकांना, कुणालाच मी कधी विचारलेलं नाही, सांगितलेलं आहे.

"आक्का," मी म्हटलं, "ऱ्हातीस का?"

ती दारातून पुढं आली. मग ट्रंक खाली ठेवली. पण स्वतःच्या खोलीत नाही, माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर.

"मागची खोली पोरीला दे. तिला चित्रं काडायला उजेड पायजे," ती म्हणाली. "मी तुज्या खोलीत निजनार. खाटंची भितीकडची बाजू माजी."

भिंतीकडची बाजू मी कधी कुणाला दिलेली नाही. मी आत जाऊन माझी उशी उचलली आणि अलीकडं ठेवली.